तबकडीवरची तोडी

कुंभकोणमहून मायावरमकडे जाणाऱ्या आगगाडीत खिडकीपाशी जागा मिळाली, तर अर्ध्या तासाच्या प्रवासात दक्षिणेच्या संगीताचा बराचसा इतिहास फलाटांवरच्या पाट्यांतून वाचता येतो. (मायावरमचे नाव आता मयिलाडुतुरै झाले आहे, पण पिकल्या केसांची माणसे अजून मायावरमच म्हणतात.) तिरुनागेश्वरम मागे पडले, की तिरुविडैमरुदूर येते. तंजावरच्या गादीवरून १७९८ साली दूर केलेले आपले अमरसिंह महाराज ह्याच गावी येऊन राहिले, आणि राज्य गेले तरी गवई पदरी ठेवण्याची हौस त्यांनी सोडली नाही. पुढे आडुतुरै, त्यापुढे नरसिंगमपेट्टै हे लहानसे स्थानक. तेथून जवळच तिरुवावडुतुरै हे शैव मठाचे गाव. नरसिंगमपेट्टैस नागस्वरम घडते. तिरुवावडुतुरैस ते वाजले, आणि असे वाजले, की पुढे ते गावात मावेनासे झाले.

कावेरीच्या खोऱ्यात नोकरीनिमित्त येणाऱ्या मराठी माणसाला येथील मराठी खुणा कोणी ना कोणी दाखवतोच. तंजावरचा राजवाडा, सरस्वती महालातील मोडी कागद, कुंभकोणमच्या चक्रपाणी मंदिरातील सरफोजी महाराजांची मूर्ती ह्या साऱ्यांचे दर्शन यथासांग होते. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी केलेले सर टी. माधवराव १८२८ साली कुंभकोणमासच जन्मले, हेही कानी पडते, आणि आपल्यासारख्या बदलीच्या नोकरांस त्यांचा थोडा अभिमान वाटतो. आज आम्ही ज्याविषयी लिहीत आहोत, ते मात्र ह्या यादीत बसणारे नाही. ती आहे लाखेची एक काळी तबकडी. मिनिटास अठ्ठ्याहत्तर फेऱ्या, दोन्ही बाजू मिळून सहा-सात मिनिटांचे वादन. वाजवणारे तिरुवावडुतुरै राजरत्नम पिळ्ळै, राग तोडी. १९३०च्या दशकातील हे मुद्रण आता भ्रमणध्वनीवरही ऐकावयास मिळते. आम्ही ते प्रथम तसेच ऐकले, आणि ऐकून झाल्यावर मनात आलेला पहिला प्रश्न संगीताचा नव्हता. जो माणूस देवाच्या स्वारीपुढे हीच तोडी तासन् तास वाजवीत असे, त्याने ती सहा मिनिटांत बसवली तेव्हा बाहेर काय राहिले, आणि ते बाहेर ठेवल्याबद्दल त्यास मिळाले काय, असा तो प्रश्न होता.

नागस्वरम म्हणजे काय, हे कुंभकोणमास राहणाऱ्यास सांगावे लागत नाही. पहाटे देवळाच्या बाजूने येणारा तो आवाज झोपेतही ओळखू येतो. पण कलकत्ता, दिल्ली वा नागपूर येथील वाचकांसाठी एवढे सांगू, की आपल्या सनईची ही थोरली बहीण. लांबी हात-दीड हातांहून अधिक, आवाज उघड्या आकाशासाठीच घडवलेला. (नागस्वरम की नादस्वरम, ह्यावर येथील विद्वानांत वाद आहे, लोक दोन्ही म्हणतात आणि ऐकतात.) साथीला तविल. फणसाच्या लाकडाचे हे वाद्य एका अंगाने काठीने वाजते आणि दुसऱ्या अंगाने बोटांत घातलेल्या कडक टोपणांनी. आपल्याकडे सनईबरोबर एक जण नुसता सूर धरून बसतो. तसा येथे ‘ओत्तु’ धरणारा असे. ह्या सर्वांस मिळून ‘पेरिय मेळम’, म्हणजे मोठा मेळा, म्हणतात. नाव मोठे, पण मेळ्यातल्या माणसांस मान मात्र पुष्कळ काळ धाकटाच मिळाला. त्याकडे पुढे येऊ.

तोडी ह्या नावाने मराठी वाचकाची फसगत होण्याचा संभव आहे. दक्षिणेची तोडी ही आपली तोडी नव्हे. तिचे स्वर आपल्या भैरवीचे आहेत. आपल्या तोडीचे स्वर तेथे शुभपंतुवराळी ह्या नावाने नांदतात. त्यामुळे ही तबकडी लावली, की आपल्या कानाला वाटते, की मैफल संपत आली. प्रत्यक्षात ती सुरू व्हायची असते. भैरवीचा जो निरोपाचा भाव आपल्या मनात मुरलेला आहे, तो येथील श्रोत्याच्या ध्यानीमनीही नसतो. त्याच्या लेखी तोडी म्हणजे विस्तारास अंत नसलेला भारदस्त राग. गवयाची खरी परीक्षा तेथे. गांधार एके जागी उभा राहत नाही, हेलकावे खातो. त्या हेलकाव्यातच रागाचा प्राण. आम्हांस ही तोडी तोडी म्हणून ऐकू येण्यास सहा महिने लागले.

आता थोडे यंत्राविषयी. ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यास उतरला आणि गौहर जान हिचे गाणे त्याने मेणात कोरून घेतले. गाणे संपताच ती आपले नाव इंग्रजीत पुकारी. जर्मनीतील हॅनोवरच्या कारखान्यात तबकड्या छापणाऱ्यांस गाणे कोणाचे, हे कळावे म्हणून. कलकत्त्यास सियालदह येथे कारखाना निघाला तो १९०८ साली. कंपनीचे यंत्र मद्रासेस पोचले ते १९०४-०५ च्या सुमारास.

ही दोन-तीन वर्षांची तफावत क्षुल्लक वाटेल. पण मृत्यू यंत्रासाठी थांबत नाही. आपल्याकडे भाऊराव कोल्हटकर १९०१ साली गेले, यंत्र येण्याच्या आदल्या वर्षी. ज्या आवाजासाठी महाराष्ट्र वेडा झाला होता, त्याचा एक सूरही उरला नाही. कावेरीकाठी १९०३ साली दोन माणसे गेली. एक तंजावरचे कृष्ण भागवतर. मराठी कीर्तनकार रामचंद्रबुवा मोरगावकर तंजावरास येऊन राहिले, त्यांचे कीर्तन ह्या माणसाने कान देऊन ऐकले आणि त्यातून तमिळ हरिकथेचे नवे रूप उभे केले. आमच्या साक्या, दिंड्या आणि ओव्या तमिळ कथेत आजही ऐकू येतात, त्या त्यांच्यामुळे. दुसरे गेले तिरुमरुगल नटेश पिळ्ळै, तिरुवावडुतुरै मठाचे नागस्वरवादक. भागवतरांची निदान कथा उरली. शब्द उरतो, शिष्य तो पुढे नेतो. नटेश पिळ्ळैंचे मागे राहिले ते त्यांनी वाढवलेले बहिणीचे पोर. त्याला नाव त्यांनीच दिले राजरत्नम, आणि त्या पोराने आयुष्यभर आपल्या नावाआधी ‘टी. एन.’ ही मामाची आद्याक्षरे लावली.

यंत्र आले म्हणजे सर्वांचे मुद्रण झाले, असेही नव्हे. भास्करबुवा बखले १९२२ साली वारले, तोवर ह्या देशात तबकड्या निघू लागून वीस वर्षे झाली होती. तरी बुवांची एकही तबकडी नाही. अल्लादिया खाँसाहेब त्यांच्यानंतर कित्येक वर्षे होते, त्यांचीही नाही. थोर गवयांस कर्ण्यासमोर उभे राहून तीन मिनिटांत राग उरकणे हे आपल्या विद्येचा अपमान वाटे, आणि तसे वाटण्यास जागा होती. त्या कर्ण्याची रीत विलक्षण होती. मायक्रोफोन नव्हता. गाणाऱ्याने पत्र्याच्या मोठ्या कर्ण्यापाशी तोंड नेऊन गावे; त्या हवेच्या धक्क्याने पलीकडे सुई हलावी आणि फिरत्या मेणावर ओरखडा उठावा. हळू गावे तर उमटत नाही, एकदम मोठ्याने गावे तर सुई खोबण सोडते. सर्वांत पंचाईत तालवाद्याची. तबला वा मृदंग कर्ण्यापासून दूर ठेवावा लागे, आणि मग तबकडीवर त्याचा आवाज पेटीत कोंडलेल्या माणसाच्या हाकेसारखा येई. १९२५ नंतर विद्युत्-मुद्रण आले, तेव्हा कर्णा गेला, मायक्रोफोन आला, आणि ही अडचण पुष्कळ कमी झाली. पण तीन मिनिटांची मुदत तीच राहिली.

मग आरंभीच्या त्या वर्षांत कर्ण्यासमोर आले कोण? कंपन्यांच्या जुन्या याद्या चाळल्या, की उत्तर तेथेच सापडते. कलकत्त्यास गौहर जान. मद्रासेकडे सेलमची गोदावरी, कांचीपुरमची धनकोटी, कोयंबतूरची ताई. उत्तरेकडे तवायफ, दक्षिणेकडे देवदासींच्या घरच्या स्त्रिया. ज्यांस समाजात पत नव्हती, त्यांस कर्ण्यापुढे उभे राहण्यात गमावण्यासारखे काही नव्हते. आणि कंपनीच्या लेखी प्रश्न एकच होता: तबकडी खपेल की नाही? तिने कूळ विचारले नाही, देवळाच्या कोणत्या बाजूस बसतेस हे विचारले नाही. परदेशी व्यापाऱ्याच्या नफ्याच्या हिशेबास आम्ही समाजसुधारणा म्हणणार नाही. पण जे काम तेव्हा सुधारकांच्या व्याख्यानांना साधत नव्हते, त्यातील थोडे ह्या हिशेबाने नकळत केले, एवढे कबूल करावेच लागते.

ज्या एम. एस. सुब्बुलक्ष्मींचे अभंग आपण आवडीने ऐकतो, त्यांची पहिली तबकडी १९२६ सालची, वयाच्या दहाव्या वर्षीची. मदुरेतील वीणावादक आईची ही मुलगी मोठ्या सभांच्या व्यासपीठांवर पोचण्याच्या कितीतरी आधी लाखेवर उमटली होती. पुढे १९३३ साली कुंभकोणमास महामहम भरला, बारा वर्षांनी येणारा. तेव्हा येथे त्यांचे गायन झाले आणि नाव सर्वतोमुखी झाले. तबकडी आधी आणि व्यासपीठ मागाहून, हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. कारण ज्या समाजातून ह्या गायिका आल्या, त्याच इसै वेळ्ळाळर समाजातून नागस्वरम आणि तविल वाजवणारे पुरुष आले. घरातील स्त्रिया गाणे-नाचणे करीत, पुरुष नृत्याचे गुरू होत किंवा मेळ्यात वाजवीत.

राजरत्नम पिळ्ळैंचा जन्म २७ ऑगस्ट १८९८ चा. मामा गेले तेव्हा ते पाच वर्षांचे. आरंभी त्यांनी नागस्वरम हाती धरले नव्हते, गळ्याची तालीम घेतली. गुरू तिरुक्कोडिकावल कृष्ण अय्यर, नामांकित व्हायोलिनवादक. नंतर अम्माछत्रम कण्णुसामी पिळ्ळै ह्यांच्याकडे नागस्वराची विद्या. तिरुक्कोडिकावल काय, अम्माछत्रम काय, सारी कुंभकोणमच्या पंचक्रोशीतली गावे. एखाद्या घराण्याची सबंध शाळा एका तालुक्यात मावावी, असा हा प्रदेश आहे. गळ्याची तालीम आधी झाल्यामुळे असेल, पण त्यांच्या वाद्यातून जे निघे ते वाजवल्यासारखे वाटत नसे, गायल्यासारखे वाटे. तबकडी ऐकणाऱ्यास हे पहिल्या मिनिटातच उमगते. एका श्वासात ताणलेला लांबलचक स्वर, त्याला येथे ‘कार्वै’ म्हणतात. आणि त्या स्वरातून अकस्मात सुटणारी वेगवान फिरत, तिला ‘बिर्का’. आपल्याकडील तान ही बहुधा आधी सूचना देऊन येते. ही येते ती माळरानावर पाखरांचा थवा उठावा तशी. जी. एन. बालसुब्रह्मण्यम ह्यांच्यासारख्या मोठ्या गवयाने आपल्या गायकीवरील ह्या वादनाचे ऋण मानले. लोकांनी तर रागाचेच नाव माणसाला जोडून टाकले आणि त्यांस ‘तोडी राजरत्नम’ म्हणू लागले.

आता तबकडीबाहेर काय राहिले ते पाहू.

कुंभकोणमच्या देवळांत उत्सवाच्या रात्री देवाची स्वारी निघते. आरंभी मल्लारी वाजते, गंभीर नाट रागातली. ती शब्दावाचून असते, पालखी उचलण्याची ती खूणच. मग स्वारी एका रस्त्यावरून दुसऱ्या रस्त्यावर, थांबत थांबत. चौकाचौकांत वादक उभे राहतात, आलाप सुरू होतो आणि भोवती गर्दी जमते. आलापाच्या दोन टप्प्यांत तविलवाला आपला हात दाखवतो. नीडामंगलम मीनाक्षिसुंदरम पिळ्ळैंसारखा थोर तविलवादक (ते १९४९ साली निवर्तले) असला, की लोक नागस्वरम विसरून तविलच ऐकत. पुन्हा स्वारी चालू लागते, राग तोच राहतो. ज्याला रात्रभर चालायचे आहे, त्याला घाई नसते. एका स्वरावर तो पाव तास रेंगाळू शकतो. भुईवर अंथरूण टाकून पडलेले म्हातारे, झोपेला आलेली मुले, मशालीचे तेल, पलीकडून येणारा देवळाच्या घंटेचा आवाज, हे सारे त्या वादनाचे भाग. असे ऐकण्यास तिकीट लागत नसे, आणि कोणासही बाहेर ठेवता येत नसे, कारण ते बाहेरच चालत असे. ज्यांस गाभाऱ्याजवळ फिरकण्याची मुभा नव्हती, तेही रस्त्याच्या कडेने हाच राग ऐकत.

ह्यांपैकी तीन मिनिटांच्या बाजूत काय मावणार? तविलाची तनी, म्हणजे एकट्याने वाजवण्याची पाळी, अर्धा-पाऊण तास चालते, ती बाहेर. रेंगाळणे बाहेर. चालणे बाहेर. श्रोत्याने केलेला हुंकार, ज्यावर वादकाची पुढची कल्पना उभी राहते, तोही बाहेर. बाजू उलटण्यापूर्वी राग कोठे आणून सोडायचा, हे त्यास घड्याळ सांगणार. अशा कोंडीत कोणी राग चोरून, घाईघाईने गुंडाळून देतो. जुन्या तबकड्यांत असे पुष्कळ आहे. राजरत्नम ह्यांनी तसे केले नाही. त्यांनी रात्रीचे तुकडे न कापता तिचा अर्क काढला, असे आमचे मत आहे. सहा मिनिटे ऐकून पोट भरत नाही, पण फसवणूक झाली असेही वाटत नाही.

आणि मिळाले काय? एक गोष्ट मिळाली, जी रस्ता देत नव्हता: बसावयास जागा. मेळ्यातील वादकांस श्रीमंतांच्या वाड्यात आणि मठांत अंगात सदरा घालून जाता येत नसे, उपरणे कमरेस गुंडाळावे लागे. गवई व्यासपीठावर बसून गात, हे उभ्याने वाजवीत. आपल्याकडील वाजंत्र्यांची कथा वेगळी नाही. लग्नाचा मुहूर्त त्यांच्याखेरीज लागत नाही, पण पान मांडले जाते ते पंगती उठल्यावर. राजरत्नम ह्यांनी केस कापून घेतले, शेरवानी चढवली, बोटांत अंगठ्या आणि कानांत हिरे मिरवले, आणि व्यासपीठावर बसूनच वाजवीन असा हट्ट धरला. ओत्तु धरणारा माणूस काढून टाकून त्यांनी मागे तंबोरा ठेवला, जसा गवयामागे असतो. लोक त्यांस गर्विष्ठ म्हणत, लहरी म्हणत; पैसा आला तसा उडाला, कार्यक्रमाच्या वेळा चुकल्या, ह्या कथा येथे अजून रंगवून सांगतात आणि त्यांत तथ्य असावे. पण हिऱ्यांच्या कुड्यांकडे आम्ही निराळ्या नजरेने पाहतो. ज्याच्या बापजाद्यांस सदरा उतरवून उभे राहावे लागे, त्याने शेरवानीची सर्व बटणे लावून बसणे ह्यास नुसती चैन म्हणता येणार नाही.

हा हट्ट त्यांस परवडला, ह्यात तबकडीचा वाटा मोठा आहे, असे आम्हांस वाटते. जो वादक केवळ एका देवळाच्या किंवा मठाच्या शिध्यावर जगतो, त्यास अटी घालता येत नाहीत. ज्याची तोडी मद्रासेपासून सिंहलद्वीपापर्यंत घरोघरी वाजते आहे, त्यास बोलावणारे अनेक असतात; एकाने आसन नाकारले तर दुसरा देतो. तबकडीच्या मागोमाग नभोवाणी आली. १९४० साली एलिस डंगन ह्या अमेरिकन दिग्दर्शकाने काढलेल्या ‘काळमेगम’ ह्या तमिळ बोलपटात त्यांनी नायकाचेच काम केले. नागस्वरम वाजवणारा पडद्यावर नायक! १४ ऑगस्ट १९४७ च्या सायंकाळी तिरुवावडुतुरै मठाचे प्रतिनिधी दिल्लीस पंडित नेहरूंच्या निवासस्थानी राजदंड घेऊन गेले, तेव्हा त्यांच्याबरोबर राजरत्नम पिळ्ळै नागस्वरम घेऊन होते. २०२३ साली तो राजदंड नव्या संसदभवनात ठेवला गेला, तेव्हा दिल्लीतील आमच्या मित्रांनी ह्या मठाचे नाव प्रथम ऐकले. सत्तांतराशी त्या दंडाचा संबंध किती, हा वाद आमच्या लेखाचा विषय नाही. वाजवणारा कोण होता, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे.

वाद्यही बदलले. पूर्वी मेळ्यात ‘तिमिरि’ हे आखूड, उंच पट्टीचे नागस्वरम चाले. रस्त्यावर गलबला भेदून जाण्यास तेच बरे. राजरत्नम ह्यांनी लांब, खालच्या पट्टीचे ‘पारि’ पसंत केले. नरसिंगमपेट्टैचे कारागीर रंगनाथन आचारी ह्यांनी पारि नागस्वरात शुद्ध मध्यम नेमका लागेल अशी छिद्रांची मांडणी साधली आणि १९५५ च्या सुमारास ते वाद्य त्यांच्या हाती दिले. आता जवळजवळ सर्व वादक पारिच वाजवतात. पट्टी खाली आणण्याचे श्रेय सहसा एकट्या वादकाच्या सौंदर्यदृष्टीस दिले जाते. आमचा तर्क असा, की त्यामागे मायक्रोफोनही उभा आहे. आवाज दूर नेण्याचे काम विजेने घेतल्यावर वाद्याने ओरडण्याचे कारण उरले नाही. ते खाली येऊन बोलू लागले. नव्या वाद्याचा सहवास मात्र राजरत्नम ह्यांस फार काळ लाभला नाही. १२ डिसेंबर १९५६ रोजी मद्रासेत त्यांचे निधन झाले.

ह्या कथेची दुसरी बाजूही आहे, आणि ती येथे राहिल्याखेरीज कळत नाही. ज्या यंत्राने एका वादकास आसन दिले, त्याच यंत्राच्या वंशजांनी शेकडोंचा शिधा काढून घेतला. दोन वर्षांपूर्वी एका वडीलधाऱ्या सहकाऱ्यांच्या मुलीच्या लग्नास आम्ही गेलो होतो. पहाटेपासून मांडवात नागस्वरम वाजत होते आणि ते फार सुरेल होते. जवळ जाऊन पाहतो तो दोन काळ्या पेट्या. खरे वादक दोघे, कोपऱ्यात खुर्च्यांवर बसून कॉफी पीत होते. ताळी बांधण्याचा क्षण आला, भटजींनी हात उंच करून ‘गेट्टि मेळम’ अशी हाक दिली, तेव्हा ते उठले आणि मिनिटभर जिवाच्या आकांताने वाजवून पुन्हा बसले. त्या क्षणी वधूला कोणाचा वाईट शब्द ऐकू येऊ नये म्हणून हा गजर करतात. तेवढ्यापुरते जिवंत माणूस लागते, उरलेल्या वेळी पेटी चालते. कित्येक देवळांतून तर आरतीच्या वेळी विजेची मोटार नगारा आणि घंटा वाजवते. ती कधी थकत नाही, दक्षिणा मागत नाही आणि चुकून तालात फरकही करीत नाही. आमच्या शेजारच्या तंजावरी मराठी घरातील आजीबाई तिला ‘वीजदेव’ म्हणतात.

जुन्या तबकड्या तरी सुरक्षित आहेत काय? लाख ठिसूळ, हातून पडली की गेली. ह्या बाबतीत एक गोष्ट मराठी माणसाने ध्यानात घ्यावी. मायकेल किनियर ह्यांनी ग्रामोफोन कंपनीच्या १८९९ ते १९०८ पर्यंतच्या भारतीय मुद्रणांची जी सूची परिश्रमाने सिद्ध केली, ती १९९४ साली मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने छापली. आणि तबकड्या जमवणाऱ्यांची संस्था १९९० साली मुंबईतच निघाली, सुरेश चांदवणकर ह्यांच्यासारख्या माणसांच्या खटपटीने. मद्रासेत व्ही. ए. के. रंगाराव ह्यांनी आयुष्यभर हजारोंनी तबकड्या जमवल्या. सरकारी दप्तरखान्यांनी करावयाचे काम अशा छांदिष्टांनी केले, हे दप्तरात बसून लिहिताना आम्हांस थोडे अवघड जाते. पुण्याच्या शंकरराव गायकवाडांच्या सनईच्या तबकड्या अशाच कोणी तरी जपल्या, म्हणून त्या आज ऐकावयास मिळतात. नागस्वरम आणि सनई एकामागून एक लावून ऐकावीत, अशी वाचकांस शिफारस आहे. दोन्हींच्या मागची माणसे एकाच ओसरीवर बसवलेली होती, हे मनात ठेवून.

नरसिंगमपेट्टैच्या नागस्वरास २०२२ साली भौगोलिक उपदर्शनाची नोंद मिळाली. तेथे वाद्य घडवणारी घरे आता फार थोडी आहेत. लाकूड ‘आच्चा’ नावाच्या झाडाचे लागते. चौकशी केली तेव्हा कळले, की हाच आपला खानदेशातला अंजन. पण ताजे लाकूड चालत नाही. ते तडकते आणि वाकते. म्हणून कारागीर पाडायला काढलेली जुनी घरे शोधत हिंडतात. पाऊणशे-शंभर वर्षे छप्पर पेललेल्या तुळया विकत घेतात, कापून काही काळ तशाच ठेवतात आणि मग सामत्यावर घालतात. जिभाळीसाठी, म्हणजे तोंडात धरण्याच्या ‘सीवाळी’साठी, बोरू कावेरीच्या काठचाच. कुंभकोणमास जुने घर पडू लागले, की भाव करावयास येणाऱ्यांत एक जण असा असतो, जो दारे-खिडक्यांकडे बघत नाही. मान वर करून तुळयांवर बोटाची टिचकी मारण्यास शिडी मागतो.